एमबीएचं कॉलेज निवडताना: आधी काम ठरवा, मग नाव

एमबीए सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: एवढ्या पर्सेंटाइलवर कुठलं कॉलेज मिळेल? गेल्या वर्षीचे कटऑफ चाळले जातात, ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचं पॅकेज आठवतं, आणि शेवटी कॅप राउंडचा पसंतीक्रम कटऑफच्या उतरत्या क्रमाने भरून टाकला जातो. पण कटऑफवरून इतर मुलांनी काय निवडलं तेवढंच कळतं. त्या मुलांना कुठलं काम करायचं होतं, त्यांच्या घरची ऐपत किती होती, हे त्यातून कळत नाही. म्हणून यादी करण्याआधी मुलाने एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढावं: दोन वर्षांनी मला रोज कुठलं काम करायचं आहे?

कामानुसार संस्था बदलते

बँकिंग किंवा फायनान्समध्ये जायचं असेल तर मुंबईत शिकण्याचा फायदा आहेच. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था हा मुंबई विद्यापीठाचाच विभाग. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने तो सुरू झाला. बॅच लहान, फी खासगी संस्थांच्या मानाने कमी आणि शिकवायला उद्योगातली माणसं येण्याची जुनी परंपरा, ही त्याची ताकद.

इंजिनिअर असलेल्या आणि कारखाना, पुरवठा साखळी, ऑपरेशन्स यांत रस असणाऱ्या मुलाने पवईच्या आयआयएम मुंबईचा विचार करावा. आयआयएम हे नाव तिला २०२३ मध्ये मिळालं. त्याआधी ती 'नीटी' होती आणि १९६३ पासून औद्योगिक अभियांत्रिकीसाठीच ओळखली जात होती. मनुष्यबळ व्यवस्थापन हेच ध्येय असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि जमशेदपूरची एक्सएलआरआय ही नावं आधी येतात, मग त्यांचा एकूण क्रमांक कितीही असो.

दूध संघ, सहकारी बँक, शेतकरी उत्पादक कंपनी यांत काम करायची इच्छा असलेली मुलं महाराष्ट्रात कमी नाहीत, पण त्यांना वाट दाखवणारं कुणी भेटत नाही. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये आणंदला सुरू झालेली 'इर्मा' ही संस्था याच कामासाठी आहे. सहकार व्यवस्थापनासाठी पुण्यातच वैकुंठ मेहता संस्था आहे. घरचं दुकान किंवा कारखाना पुढे न्यायचा असेल, तर प्लेसमेंटचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेसारख्या ठिकाणी कौटुंबिक व्यवसायासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे, तो पाहावा.

आणि 'बी.कॉम. झालं, पुढे काय करायचं सुचत नाही म्हणून एमबीए' असं उत्तर आलं, तर थांबणं हाही चांगला पर्याय आहे. वर्ष-दोन वर्षं नोकरी केलेल्या मुलाला वर्गातलं जास्त समजतं आणि मुलाखतीत बोलायलाही काही असतं. हैदराबादच्या आयएसबीचा एक वर्षाचा मुख्य अभ्यासक्रम तर नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच आहे.

पदवी की डिप्लोमा?

पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग एमबीए देतात आणि तिथली फी सहसा सगळ्यात कमी असते. पुण्याचा 'पुम्बा' हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग किंवा ताळगावला गोवा विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल ही त्याची उदाहरणं. विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजं विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवतात आणि राज्यात त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. सिम्बायोसिस, नरसी मोनजी यांसारखी अभिमत विद्यापीठं प्रवेश परीक्षा, अभ्यासक्रम आणि फी या तिन्ही गोष्टी स्वतः ठरवतात.

उरला पीजीडीएम. हा विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या संस्थांचा डिप्लोमा. तो कमी दर्जाचा हा समज चुकीचा आहे. २०१७ चा कायदा होईपर्यंत खुद्द आयआयएमसुद्धा डिप्लोमाच देत होत्या. मात्र पीजीडीएम घेताना दोन गोष्टी तपासा. एआयसीटीईची मान्यता चालू वर्षासाठी आहे का? आणि पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का?

पॅकेजची जाहिरात कशी वाचावी?

माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'सर्वोच्च पॅकेज' असतं. ते एकाच मुलाचं असतं, म्हणून सोडून द्या. 'सरासरी' हा आकडाही फसवा. समजा दहा मुलं आहेत. नऊ जणांना ५ लाख आणि एकाला ५५ लाख मिळाले, तर सरासरी १० लाख येते. प्रत्यक्षात १० लाख कुणालाच मिळालेले नसतात. म्हणून 'मीडियन', म्हणजे मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. वरच्या उदाहरणात तो ५ लाख आहे.

हा आकडा मिळवायला कुणाची ओळख लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरलेली प्रत्येक संस्था आपली माहिती भरून देते. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, हे सगळं त्यात असतं. ती माहिती सगळ्यांना खुली आहे. ज्या संस्थेच्या जाहिरातीतला आकडा आणि एनआयआरएफला दिलेला आकडा यांत मोठी तफावत आहे, तिच्याबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

क्रमवारीकडे मात्र जपून पाहा. व्यवस्थापन संस्थांच्या गुणांकनात संशोधन आणि व्यावसायिक कामाला ३० टक्के वजन आहे. प्राध्यापकांचे शोधनिबंध संस्थेसाठी मोलाचे आहेत, पण तुमच्या मुलाला मार्केटिंगची नोकरी मिळण्याशी त्यांचा थेट संबंध नाही. दहा-बारा क्रमांकांचा फरक त्यामुळे फार मनावर घेऊ नये.

आधी खर्चाचा हिशेब मांडा

काही अभिमत विद्यापीठांची दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे जाते. २० लाखांचं कर्ज १० टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६ हजार ४०० रुपये बसतो. शिक्षण सुरू असताना साठलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. वर्षाला ५ लाखांच्या पॅकेजमध्ये हातात महिना ३५-४० हजार पडतात. पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं देऊन हा हप्ता कसा भरणार, हे कागदावर मांडून बघा. त्या संस्थेचा मीडियन पगार १८-२० लाख असेल तर हेच कर्ज सहज झेपतं. तेव्हा फी नेहमी पगाराशी ताडून बघावी.

राज्यातल्या सवलतींची माहिती नसल्याने अनेक घरं नाहक कर्ज काढतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला किंवा अभिमत विद्यापीठात गेलात, तर ती मिळत नाही. मुलांसाठीही महाडीबीटीवर फी आणि वसतिगृह भत्त्याच्या योजना आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालानंतर काढायला गेलात तर तारीख निघून जाते. तो आधीच काढून ठेवा.

शेवटची चौकशी

नाव एकच असलं तरी प्रत्येक शहरातलं कॅम्पस सारखं नसतं. मोठ्या संस्थेच्या मूळ कॅम्पसला ज्या कंपन्या येतात, त्या नव्या शाखेतही येतील असं धरून चालू नका. शाखेचे आकडे वेगळे मागा. त्या कॉलेजचे दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी लिंक्डइनवर शोधा आणि सध्या ते काय काम करतात ते बघा. 'मार्केटिंग मॅनेजर' म्हणून घेतलेली मुलं प्रत्यक्षात क्रेडिट कार्ड विकत फिरत असतील, तर ते प्रवेशाआधी कळलेलं बरं. दोघा-तिघांना सरळ विचारा: समर इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली? सगळ्या मुलांना प्लेसमेंटला बसू दिलं का?

आता पालकांना एक विनंती. घरातून किती पैसे देऊ शकतो आणि किती कर्जाला सही करू शकतो, हा आकडा मुलांना स्पष्ट सांगा. तो सांगायला संकोच वाटतो, पण न सांगितल्यामुळे मुलं एकतर भलती स्वप्नं बघतात किंवा उगाच मागे सरतात. त्या मर्यादेत पसंतीक्रम मात्र मुलालाच लावू द्या. प्रत्येक कॉलेजपुढे 'हे का?' याचं उत्तर त्याने एका ओळीत लिहावं. ज्या नावापुढे 'सगळे तेच म्हणतात' याशिवाय काही लिहिता येत नसेल, ते नाव फॉर्ममधून काढून टाका.