दिल्ली ते लेह: तिकिटाच्या पलीकडचा खर्च

दिल्लीहून लेहला विमान दीड तासाच्या आत पोचतं, रस्त्यानं मात्र हजारावर किलोमीटर पडतात. लडाखला निघालेली मंडळी आधी तिकिटांचे भाव बघत बसतात. माझं सांगणं आहे की आधी दिवस मोजा. दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर, लेह साडेतीन हजार मीटरवर. ही चढण शरीराला पचायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे पडतात.

विमानाचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर साधारण चार ते सहा हजारांत मिळतं. जूनमध्ये ऐनवेळी दुप्पट-तिप्पटही मोजावे लागतात. त्यात लेहमधल्या पहिल्या दोन दिवसांचा मुक्काम धराच. दोघांची साधी खोली दिवसाला दोन-तीन हजारांना, वर जेवणखाण. हे दोन दिवस फक्त विश्रांतीचे. भरपूर पाणी प्यायचं, जिने सावकाश चढायचे. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला हा उंच घाट गाठणारी सहल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, सोबत आई-वडील असतील तर मुळीच नाही. डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या तर आणखी वर जाऊ नये. बरं वाटेना तर डॉक्टर गाठून खाली उतरावं.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे हिमाचल परिवहनची दिल्ली-लेह एसटी. अंतर सुमारे १,०२६ किलोमीटर, भाडं दोन हजारांच्या आसपास, वेळ तीस तासांहून अधिक, तीही फक्त उन्हाळ्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यावर मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनं घटलं, पण पुढचे घाट आहेत तिथेच आहेत. बारालाचा, लाचुंग आणि शेवटी ५,३२८ मीटरवरचा तांगलांग ला. एका दमात हे अंतर कापणं तरण्यांनाही जड जातं. मनालीत एक आणि केलांग किंवा जिस्पाला एक, असे दोन मुक्काम करा. सर्चूला तंबूत मुक्काम ठेवलेली सहल टाळा. ती जागा लेहपेक्षाही उंच आहे आणि रात्री तिथे झोप लागत नाही.

माझी पसंती श्रीनगरच्या वाटेला. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, रात्री कारगिल २,७०० मीटरच्या आत, दुसऱ्या दिवशी लेह. शेअर टॅक्सीला माणशी दोन-तीन हजार लागतात. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारतही धावते आहे, त्यामुळे विमानाशिवायही ही वाट जमते.

लेहमध्ये खरा खर्च स्थानिक टॅक्सीचा. दर तिथल्या टॅक्सी युनियननं ठरवलेले असतात, तेव्हा घासाघीस करण्यापेक्षा पांगोंग-नुब्रासाठी पाच-सहा जण मिळून गाडी करा. वर माणशी ४०० रुपये पर्यावरण शुल्क आणि किरकोळ आकार. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं.

परतीचं तिकीट काढताना हात आखडू नका. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि ढग-वाऱ्यानं रद्दही होतात. त्याच दिवशीचं दिल्ली-पुणे विमान चुकलं तर नवं तिकीट चढ्या भावानं घ्यावं लागतं. दिल्लीत एक रात्र राखून ठेवा. पहाडगंजला साधी खोली त्याहून कितीतरी स्वस्त पडते.