नर्सिंग शिकताना पहिली नोकरी : घ्यावी, पण कोणती?

लखनौच्या चौकातल्या सराफ्यात सोने-चांदी गाळण्याचे काम करणारी विटा, आटपाडी, खानापूरकडची मराठी कुटुंबे आहेत. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ तिथून हाकेच्या अंतरावर. अशा घरातली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला किंवा जीएनएम या नर्सिंग पदविकेला लागली, की दुसऱ्या वर्षाच्या सुमारास घरात एक विषय हमखास निघतो. फी, हॉस्टेल, पुस्तके यांत वडिलांची ओढाताण होते, आणि मुलीच्या मैत्रिणीने कुठल्याशा नर्सिंग होममध्ये रात्रीची ड्युटी धरलेली असते. त्यात अमेरिकेतली मावसबहीण फोनवर सांगते, ‘आमच्याकडे सगळ्या मुली शिकता शिकता काम करतात.’ मग आपल्या मुलीने का करू नये?

करू दे. पण साहाय्यक म्हणून, सुट्टीत, आणि नेमणुकीच्या कागदावर ‘साहाय्यक’ असे स्पष्ट लिहून घेऊन. ‘सिस्टर’ म्हणून रात्रपाळी मिळत असेल, तर पगार कितीही असो, नाही म्हणा.

मावसबहीण खोटे बोलत नाही. अमेरिकेत नर्सिंग असिस्टंट ही स्वतंत्र, मान्यताप्राप्त जागा आहे. 1987च्या केंद्रीय कायद्याने तिला किमान 75 तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे राज्याच्या नोंदवहीत असतात. ब्रिटनमध्येही नर्सिंगचे विद्यार्थी हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम करतात. बाहेरून गेलेल्या विद्यार्थ्यांना मात्र सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांचीच मुभा असते. तिथे साहाय्यकाने काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरलेले असते. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत ही रेघ रात्री अकरानंतर पुसट होते, आणि खरी भीती तीच आहे.

साहाय्यकाची जागा आपल्याकडेही आहे. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, म्हणजे जीडीए, या नावाचा काही महिन्यांचा कौशल्य अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने आखला आहे. रुग्णालयांच्या जाहिरातींत हीच जागा ‘पेशंट केअर असिस्टंट’ किंवा ‘वॉर्ड असिस्टंट’ अशा नावांनी येते. बारावीनंतर प्रवेश हुकला आणि वर्ष मोकळे आहे, अशा मुलामुलींनी हा कोर्स जरूर करावा. पुढे नर्सिंगला गेल्यावर पहिल्या वर्षाचे वॉर्ड त्यांना परके वाटत नाहीत.

या कामाला कमी लेखणारे पालक बरेच भेटतात. ‘शिकून काय, बेडपॅन द्यायला?’ त्यांनी एकदा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर बदलताना पाहावी. आजीबाईंना उठवता येत नाही. आधी त्यांना सांगायचे, मग हळूच एका कुशीवर वळवायचे. मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणायची आणि मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर स्वच्छ चादर पसरायची. मग आजींना दुसऱ्या कुशीवर घेऊन मळकी काढायची, स्वच्छ ओढून ताणायची. एकही सुरकुती राहता कामा नये, कारण त्या सुरकुतीवरच कातडी सोलवटते. त्याच वेळी माकडहाड, टाचा, खुबा यांवर लाली आली आहे का, हे बघून घ्यायचे आणि दिसली तर सिस्टरना लगेच सांगायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, हे मोजून लिहायचे. उत्तम परिचारिकेचे अर्धे डोळे इथेच तयार होतात, आणि पुस्तकातून ते येत नाहीत.

आता धोक्याची बाजू. गल्लीतल्या नर्सिंग होमला रात्री नोंदणीकृत परिचारिका परवडत नाही, विद्यार्थिनी परवडते. पहिल्या आठवड्यात ती फक्त बीपी बघते. दुसऱ्या आठवड्यात सलाईन लावते. एका रात्री डॉक्टर फोनवर इंजेक्शनचे नाव सांगतात आणि वॉर्डात तिच्याशिवाय कुणीच नसते. काही बिघडले तर तिच्यामागे नोंदणी क्रमांक नाही, कॉलेज नाही आणि नर्सिंग होमही उभे राहील याची खात्री नाही. अभ्यासातल्या पोस्टिंगमध्ये तीच मुलगी तेच इंजेक्शन देते, पण तेव्हा शेजारी शिक्षिका किंवा वॉर्डातली सिस्टर असते. नोंदणीशिवाय परिचारिकेचे काम करायचे नाही, हा नियम रुग्णाइतकाच या मुलीच्याही संरक्षणासाठी आहे.

दुसरी गोष्ट हजेरीची. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात किमान 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागात पूर्ण 100 टक्के. रात्रभर जागून सकाळच्या पोस्टिंगला जाणारी मुलगी एक तर झोपेत चुकते, नाही तर दांड्या मारते. दांड्यांची भरपाई शेवटी करावीच लागते, आणि तोवर बरोबरीच्या मुली नोकरीला लागलेल्या असतात.

तिसरी गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. शिकताना केलेल्या या कामाचा अनुभव पुढच्या सरकारी भरतीत परिचारिकेचा अनुभव म्हणून धरला जात नाही. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. उमेदवार थेट बसू शकतात. जीएनएम झालेल्यांना मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो पात्रता मिळवल्यानंतरचाच असावा लागतो. म्हणून ‘अनुभवाचा दाखला देतो, पगार कमी घे’ या आमिषाला भुलू नका.

तरीही हाताला वळण आणि चार पैसे हवेत, तर शोध कुठून सुरू करावा? पोस्टिंगच्या वॉर्डातून. जिथे तुमची मुलगी शिकते, तिथल्या सिस्टर इन्चार्जनी तिचे काम पाहिलेले असते. वेळेवर येणारी, हात धुतल्याशिवाय रुग्णाला न शिवणारी, नातेवाइकांशी ‘अम्मा, बाबूजी’ करून नीट बोलणारी मुलगी त्यांच्या लक्षात राहते. सत्र संपताना तिने आपणहून विचारावे : सुट्टीत साहाय्यकाची जागा आहे का? आधी कॉलेजची लेखी परवानगी मात्र घ्यावी. त्यानंतर निरालानगरचे विवेकानंद पॉलिक्लिनिक, शहीद पथावरचे मेदांता, कानपूर रोडवरचे अपोलोमेडिक्स अशा मोठ्या ठिकाणी मनुष्यबळ विभागात बायोडाटा द्यावा. तो एका पानाचा पुरे. कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग झाले, हे त्यात सर्वांत वर लिहावे, छंद-बिंद नको. सरकारी रुग्णालयांत साहाय्यकांच्या जागा बऱ्याचदा ठेकेदार कंपन्यांमार्फत भरल्या जातात. तिथे कुणी ‘लावून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर उठून यावे.

मुलाखतीत साधेच विचारतात. रुग्ण पडला तर काय कराल? घाईने उचलू नये, जवळ थांबून आधी सिस्टरना हाक मारावी, हे उत्तर ज्याला सुचते त्याला काम समजले आहे. मग आपणही विचारावे. नेमणूकपत्रावर पद कोणते? पगार बँकेत येईल ना? पाळी आठ तासांची की बारा? हिपॅटायटिस बीची लस कोण देणार? या लशीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. त्यामुळे कामावर जायच्या आदल्या दिवशी ती आठवून उपयोग नाही. आणि रात्रीच्या प्रवासाचे काय? लखनौची मेट्रो विमानतळ ते मुन्शी पुलिया अशी धावते. ती रायबरेली रोडवरच्या एसजीपीजीआय रुग्णालयाकडे जात नाही, चौकातही येत नाही, आणि रात्री बंद असते. रुग्णालयाची गाडी नसेल तर दिवसपाळीच मागा.

लखनौमध्ये एक वाट अशीही आहे, जिथे हा पैशांचा प्रश्न उद्भवतच नाही. कमांड हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात मुलींसाठी बी.एस्सी.च्या 40 जागा आहेत. सैन्यदलाच्या अशा सहा कॉलेजांत मिळून 220. पुण्याचे एएफएमसी आणि मुंबईचे आयएनएचएस अश्विनी त्यांतलीच. निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते. राहणे, रेशन आणि विद्यावेतन मिळते आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कमिशन. महाराष्ट्रातल्या मुलींनी या वाटेकडे अजून हवे तितके लक्ष दिलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

बाकीच्यांसाठी पैशाचा विचार नोकरीआधी बँकेत करावा. केंद्राच्या पत हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. रात्रपाळीचे तुटपुंजे पैसे आणि एक बुडालेले सत्र यांचा हिशेब मांडला, तर कर्जाचे व्याज स्वस्त पडते.

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या सत्रात 22 आठवड्यांची इंटर्नशिप असते. खरी पहिली नोकरी तिथूनच मिळते. त्या वेळी दोन कागद तयार ठेवा. उत्तर प्रदेशात शिकलेल्यांची नोंदणी लखनौच्या स्टेट मेडिकल फॅकल्टीकडे होते. पुण्या-मुंबईत काम करायचे तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेही नोंदणी करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. पगार ठरवताना 2016च्या केंद्रीय समितीची शिफारस माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या या समितीने सांगितले होते, की 200हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार सरकारी पगाराइतका असावा, आणि 50हून कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नसावा. सगळीकडे ती पाळली जात नाही. पण आकडा माहीत असलेली मुलगी मुलाखतीत गप्प बसत नाही.

पालकांनो, मुलीला रात्रीच्या ड्युटीला ‘हो’ म्हणण्याआधी एक दिवस काढून तिच्या प्राचार्यांना भेटा, तिची हजेरी किती झाली ते विचारा, आणि परत येताना बँकेतून कर्जाची माहिती घेऊन या.