मेरिनो लोकरीचे कपडे

लोकर अंगाला टोचते, अशी पुष्कळांची तक्रार असते. दोष लोकरीचा नसून तंतूच्या जाडीचा आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ. तिचे घोंगडे वारा-पाऊस अडविते, पण उघड्या अंगाला सोसत नाही. मेरिनो मेंढीचा तंतू साधारणतः २४ मायक्रॉनहून बारीक असतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) असा तंतू कातडीला लागताच वाकतो, म्हणून टोचत नाही.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प शोषूनही ओली भासत नाही. रब्बीत रात्री पिकाला पाणी देणाऱ्यास याचे महत्त्व सांगावयास नको. घामाने भिजलेला सुती सदरा अंगावर गार पडतो. लोकरीची बंडी तशी लवकर गारठत नाही. आत मेरिनोची बंडी व वर घोंगडे, ही जोडी उत्तम.

मात्र हे कापड महाग असते, त्यामुळे पारखून घ्यावे. कडेचा एक धागा मागून घेऊन जाळून पाहावा. खऱ्या लोकरीस केस जळल्याचा वास येतो व राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. कपडा कोमट पाण्यात, न चोळता धुवावा व सावलीत पसरून वाळवावा. गरम पाण्यात चोळला तर तो आटतो, आणि मग बापाची बंडी मुलाच्याच अंगाला येते!