नुसतं ‘फेल’ म्हणून भागत नाही

पहिल्या वर्षाचे पायथॉनचे प्रोग्रॅम हाताने तपासून परत द्यायचे, तोवर मुलं पुढच्या धड्यावर गेलेली असतात. म्हणून तपासणी मशीनकडे द्यावी लागते. यात नवं काही नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम मशीनकडून तपासून घेतले, त्यावरचा त्यांचा लेख 1960चा. मार्क देणं मशीनला जमतं. मुलाला कळेल असं सांगणं मात्र आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं.

1. काय दिलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे तिन्ही सांगा. लीप वर्षाच्या प्रश्नात बरीच मुलं 4ने भाग जातो का, एवढंच बघतात. 2023 आणि 2024ला हा प्रोग्रॅम पास होतो, म्हणून टेस्टमध्ये 1900 आणि 2000 हवेतच. तिथे ‘टेस्ट 3 फेल’ एवढंच दिसलं, तर मुलगा अंदाजपंचे कोड बदलत बसतो. ‘1900 दिल्यावर ट्रू आलं, फॉल्स हवं होतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षांचा नियम पुन्हा वाच,’ असं लिहिलं की तो वहीकडे वळतो.

2. नेहमीच्या चुकांना वेगळा मेसेज द्या. ‘सर, उत्तर तर बरोबर येतंय!’ हे दर प्रॅक्टिकलला ऐकू येतं, आणि स्क्रीनवर ते खरंच बरोबर असतं. फंक्शनमध्ये रिटर्नच्या जागी प्रिंट असतं, त्यामुळे टेस्टच्या हाती ‘नन’ पडतं. ‘फंक्शनने काहीच परत दिलं नाही. रिटर्न राहिलं का?’ एवढ्याने काम होतं.

3. मुलांच्या चुका नसतील तिथे मार्क कापू नका. पायथॉनमध्ये 0.1 + 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं. दशांशांची तुलना ‘इज-क्लोज’ने करा. ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेसवरून मार्क घालवणं तर सरळ अन्याय आहे.

4. वेळेची मर्यादा घाला, नाहीतर एकाच्या न संपणाऱ्या लूपमुळे सगळ्यांची तपासणी अडते.

5. सगळ्या टेस्ट उघड केल्या, तर 1900साठी वेगळा इफ लिहिणारे निघतातच. काही टेस्ट झाकलेल्या ठेवा, पण त्या फेल झाल्या तर, यादीवरचा प्रश्न असेल तिथे, ‘रिकामी यादी दिली तर काय होईल?’ एवढा इशारा द्याच. आणि निम्मा वर्ग एकाच टेस्टवर अडला असेल, तर कोड बघण्याआधी आपण घातलेला प्रश्न वाचा.