भूक रजेवर असताना

पोट लहान करून घेतलं की भूक कायमची मिटते, असा समज आमच्या वऱ्हाडात पक्का आहे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आमच्या घरात या प्रकाराचं नाव पहिल्यांदा निघालं. गडकरींची खाण्याची आवड सगळ्या विदर्भाला ठाऊक. त्यामुळे आत्याचा प्रश्न लगेच आला, "मंग आता थे खातेत काय?"

पुढे माझीच स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली, नागपूरला. सासर अमरावती, माहेर अकोला, आणि दोन्हीकडची माणसं समोरच्याचं ताट रिकामं दिसलं की अस्वस्थ होणारी. आता ओळखीपाळखीतलं कुणी या वाटेनं निघालं की फोन मला येतो. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. तुमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांचं आधी ऐका, माझं नंतर.

१. भूक जात नाही, रजेवर जाते.

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यात जठराचा वरचा फुगीर भागही जातो. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथे तयार होतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. म्हणजे पोट नुसतं लहान होत नाही, 'जेवायला चल' म्हणून हाक मारणाराच बराचसा निघून जातो. पहिले काही महिने मला भुकेची आठवणच नसे, मोबाइलवर गजर लावून खावं लागे. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःला खाण्यापासून आवरलं, तिला 'आता खा' म्हणून गजर लावावा लागतो, हे फार विचित्र वाटतं.

पण रजा संपते. बहुतेकांची भूक वर्षभराच्या आसपास थोडीथोडी परतू लागते. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सगळ्यात खाली येतं, आणि नंतर काहींचं हळूहळू चढतं. म्हणून ताटाची, वेळेची, चहाची शिस्त जी काय लावायची ती पहिल्या वर्षात लावून घ्या. तेव्हा भांडायला भूक समोर नसते.

२. वरणाची परीक्षा.

दुपारी चारला जे पोटात कालवतं ते प्रत्येक वेळी भूक नसतं. कधी तहान असते, कधी ॲसिडिटी. स्लीव्हनंतर ॲसिडिटी बऱ्याच जणांना छळते आणि ती हुबेहूब भुकेसारखी वाटते. कधी शेजारणीकडून आलेला भज्यांचा वास पुरतो. मी स्वतःला एकच विचारते, आत्ता कुणी वाटीभर साधं वरण दिलं, बिनफोडणीचं, तर खाशील? 'हो' आलं तर खरी भूक, लगेच खायचं. 'वरण नको, काहीतरी चटपटीत पाहिजे' आलं तर दोन घोट पाणी पिऊन गच्चीवरचे कपडे काढायला जायचं.

३. ताटातला क्रम उलटा करा.

आपलं जेवण भाकरीपासून सुरू होतं, भाजी-वरण तिच्या आधाराला. आता आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकर किंवा भात. जागा फारशी उरत नाहीच.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, असं साधारण सगळीकडे सांगतात. ते कमी पडलं की वजनाबरोबर स्नायूही झडतात. आकडा ऐकायला सोपा, पण शाकाहारी घरात तो गाठताना घाम फुटतो. तुरीच्या १०० ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. पण आमच्याकडच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम २०-२५ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन पाचेक ग्रॅम, बाकी हळदीचं पाणी. अकोल्याच्या दालमिलांची डाळ देशभर जाते, आणि आम्ही घरी ती पाण्यात शोधतो. तेव्हा वरण घट्ट करा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत तर १०० ग्रॅमला ५० च्या वर. पण सगळा वऱ्हाड सोयाबीन पेरतो आणि अख्खं मार्केट यार्डात ओतून येतो, घरात कुणी शिजवत नाही. मी वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून चुनात, म्हणजे पिठल्यात घालते. सासऱ्यांना अजून कळलेलं नाही.

सुरुवातीचे पातळ पदार्थांचे, मग गाळलेल्या-घोटलेल्यांचे आठवडे संपून मऊ जेवणाची परवानगी मिळाली, तेव्हा मला कढी-गोळ्यांनी तारलं. भिजवलेली डाळ सासूबाई जाडसर वाटतात, त्यात लसूण, जिरं, हळद, बचकभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. माझ्या वाट्याच्या पिठात हिरवी मिरची पडत नाही, तेवढे गोळे त्या आधी बाजूला वळून ठेवतात आणि ओळखू यावेत म्हणून अंगठ्यानं दाबून चपटे करतात. उकळत्या कढीत सोडले की ते आधी बुडतात, शिजले की वर येतात. चपटे दोन गोळे चमच्यानं कुस्करायचे, वर दोन चमचे कढी, झालं माझं जेवण. पालकाची डाळभाजीही तशीच सोयीची. महागड्या पावडरीचे डबे मीही सुरुवातीला घेतले, आणि तेव्हा त्यांची गरज असते. पण कायमचं जेवण आपल्याच चुलीवरचं असलं तर टिकतं.

४. अकोल्याचा मे महिना आणि एक-एक घोट.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरून आलं की माठापाशी उभं राहून तांब्याभर पाणी गटागट प्यायचं, ही आपली सवय. ती गेली. नव्या पोटात तेवढं मावत नाही, घाईनं प्यायलं तर छातीत दुखतं. त्यात जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. लहानशा जागेत पाणी भरलं तर अन्नाला जागा उरत नाही, आणि काहींचं अन्न पुढे ढकललं जाऊन लवकर पुन्हा खावंसं वाटतं. मग दिवसाचं दीड-दोन लिटर भरायचं कधी? सकाळी उठल्यापासून, घोटाघोटानं. मी बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या आहेत, दुपारी बारापर्यंत ही रेघ, चारपर्यंत ती. कूलरसमोर बसलं की तहान लागत नाही, त्यामुळे तहानेवर विसंबू नका. लघवी गडद पिवळी झाली की समजा बाटली मागे पडली.

ताक चालतं, मीठ-जिरं घालून, पातळ. रसवंतीचा ग्लास मात्र रस्त्यापलीकडूनच बघायचा.

५. नाक वाहायला लागलं की थांबा.

पोट भरल्याची जुनी खूण आता येत नाही. माझं नाक वाहतं. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाला छातीच्या मध्यावर दाब जाणवतो. तुमची खूण शोधा, आणि ती आली की हातातला घाससुद्धा खाली ठेवा. त्यापुढचा एक घास म्हणजे तोंडाला फेसाळ लाळ आणि न्हाणीघराकडे धाव. जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, चमचा लहान मुलांचा. ताज्या पोळीचा नि ब्रेडचा गोळा होऊन अडकतो, भात आत गेल्यावर फुगल्यासारखा वाटतो. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून त्या मानानं सुखानं उतरते, निदान माझ्या तरी.

६. 'नको' म्हणू नका, 'थांबून घेते' म्हणा.

माझ्या मते या शस्त्रक्रियेनंतरची सगळ्यात अवघड गोष्ट टाके नाहीत, पंगत आहे.

माहेरी महालक्ष्म्या असतात. दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य म्हणजे पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची भाजी, कढी, भजी, वडे, वर तुपाची धार. केळीच्या पानावर डावीकडून उजवीकडे जागा शिल्लक नाही. मी बसले तशी आत्या पुरणपोळी घेऊन समोर. "बस वं आत्या, नको."

"काऊन वं? डॉक्टरनं उपाशी माराचं ठरवलं का तुले?"

"खाल्लं ना आत्ता."

"थे खाल्लं म्हनते का? चिमनी खाते त्याच्याहून जास्त." आणि अर्धी पोळी पानावर.

'नको' हा आपल्याकडे नकार नसतोच, आग्रहाची सुरुवात असते. 'थांबून घेते' म्हटलं की वाढणारी पुढच्या पानाकडे सरकते. दुसरा उपाय, स्वतःच वाढायला उभं राहायचं. भांडं हातात असलेल्या बाईला कुणी वाढत नाही. तिसरा, पान नको, वाटी मागायची, 'प्रसाद म्हणून' सगळ्यातलं चमचा-चमचा घ्यायचं आणि उरलेल्याचा डबा बांधून मागायचा. डबा मागितला की आत्याचं मन भरतं, आणि पोळ्या अमरावतीला माझ्या पोरांच्या पोटात जातात. रोडग्याच्या पंगतीतही हेच करते. वांग्याची भाजी चाखते, रोडगा रुमालात.

घरच्यांना शस्त्रक्रियेच्या आधीच आहारतज्ज्ञासमोर बसवा. माझ्या सासूबाई एकदा बसल्या आणि तेव्हापासून पाहुण्यांना त्याच गप्प करतात.

७. जे चटकन विरघळतं ते जपून.

गंमत अशी की दोन घास उसळीनं भरणाऱ्या पोटात कच्चा चिवडा वाटीमागून वाटी उतरतो. शेव, खारी, बिस्किटं, आइसक्रीम, सगळं तसंच. तोंडातच त्याचा भुगा होतो, ते पोटात थांबत नाही, कॅलरी मात्र पुरेपूर देतं. वजन पुन्हा चढवण्यात अशा खाण्याचा मोठा हात असतो. शेगावची कचोरी नि आपल्या अमरावतीचा गिला वडा यांना मी शत्रू मानत नाही. वर्ष उलटल्यावर अर्धी कचोरी, चावून चावून, पोरांच्या प्लेटमधली. पण टीव्हीसमोर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसणं संपलं.

स्लीव्हऐवजी ज्यांचा जठराचा बायपास झाला आहे त्यांनी गोडाला जास्त भ्यावं. जिलबी किंवा श्रीखंड खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब, याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून चक्कर येते. स्लीव्हवाल्यांनाही होतं, पण कमी.

८. उपास.

नवरात्रात अंबादेवीला अनवाणी जाणं मी सोडलेलं नाही, नऊ दिवसांचे उपास सोडले. साबुदाण्यात स्टार्चशिवाय जवळजवळ काही नसतं, आणि त्याची उसळ घशाखाली चिकटत जाते. एखादी एकादशी आलीच तर दूध, दही, पनीर, दाण्याचं कूट घातलेली भगर. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको, कारण शस्त्रक्रियेनंतर औषधाची मात्रा झपाट्यानं कमी करावी लागते.

९. संत्री.

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण फोडीवरचा पापुद्रा काढून नुसता गर खा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा चोथा न पचता साठून त्याची गाठ बनल्याची उदाहरणं वैद्यकात जुनी आहेत.

१०. गोळ्या जन्मभराच्या.

ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. वजन उतरलं, बरं वाटतं, म्हणून त्या बंद करू नका. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा नको. रक्ततपासणी सांगतील तेव्हा, पुढे निदान वर्षाला एकदा. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, मुठीनं गळतात, आणि बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन आणि लोह नीट असलं तर लवकर. डोकं-गुडघा दुखलं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणायची नाही, त्यातल्या काहींनी आत अल्सर होतो. खर्रा-तंबाखूनंही होतो.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. उलट्या थांबतच नसतील, घोटभर पाणीही राहत नसेल, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं असलं काही सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो, आणि उशीर झाला तर मेंदू-नसांचं नुकसान भरून येत नाही.

११. भूक कामावर परत आली की.

माझी आली आहे. आधी घाबरले, वाटलं पोट पुन्हा मोठं झालं. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, हे व्हायचंच होतं. आता दिवसाचं खाणं ठरल्या वेळी, तीन जेवणं आणि संध्याकाळी सहाला मूठभर फुटाणे, साल काढलेले, एकेक करून. जेवण चुकवलं की सहाची भूक आठला राक्षस होऊन येते, तेव्हा चुकवत नाही. काटा दोन किलोनं वर सरकला की कपडे घट्ट व्हायची वाट न बघता मी त्यांना फोन लावते. लाजून दवाखान्यात जाणंच बंद करणाऱ्यांचं वजन जास्त चढलेलं मी पाहिलं आहे. आता तिथे त्यावर औषधंही असतात, मदत मिळते. आमच्या आहारतज्ज्ञबाई फोनवर वजन नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "चहासोबत सध्या काय चाललंय?"