काळोखाचे भय आणि तथागतांचा मार्ग



लहान मूल काळोखाला भिते तेव्हा आपण त्याला जवळ घेतो. परंतु चाळिशीतला, नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप काळोखाला भितो असे कळले तर आपण हसतो. या हसण्याच्या धाकाने कितीतरी माणसे आपले भय लपवून जगत असतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मध्यरात्री वीज गेली आणि त्याच वेळी आईला दम लागला. दोन गल्ल्या ओलांडून रिक्षावाल्याला उठवून आणायचे होते. मी उंबरठ्यापर्यंत गेलो, पण पाय पुढे पडेना. शेवटी पत्नीच बॅटरी घेऊन गेली. आई वेळेवर दवाखान्यात पोहोचली आणि बरी झाली. मला कोणी काही बोलले नाही. परंतु त्या रात्रीनंतर या विषयाचा अभ्यास करणे मला भाग पडले. तो येथे थोडक्यात मांडत आहे.

भय आणि भयगंड

भय हे वाईट नाही. ते जिवाचे रक्षण करते. पावसाळ्यात गवतातून जाताना हातात बॅटरी घेणे याला भित्रेपणा म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. पण धोका नसताना किंवा अगदी किरकोळ असताना छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. माणूस ती जागा टाळू लागतो आणि सहा-सहा महिने, वर्षानुवर्षे हे चालते, तेव्हा त्याला भयगंड म्हणतात. कोणाला काळोखाचा, कोणाला उंचीचा, कोणाला लिफ्टसारख्या बंद जागेचा, तर कोणाला कुत्र्याचा किंवा इंजेक्शनच्या सुईचा भयगंड असतो.

हा भयगंड टिकतो तो पळण्यामुळे. काळोखात भय वाटले की आपण धावत जाऊन दिवा लावतो. लगेच सुटल्यासारखे वाटते. मन त्यातून चुकीचा धडा घेते की, दिवा लावला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भय आणखी लवकर येते. म्हणजे प्रत्येक पळण्याने आपण भयाला खतपाणीच घालतो.

सुदत्ताची रात्र

श्रावस्तीचा श्रेष्ठी सुदत्त म्हणजेच अनाथपिंडिक. तो राजगृहाला आपल्या मेहुण्याकडे आला असता बुद्धाचे नाव त्याच्या कानी पडले. सकाळी दर्शनाला जायचे या ओढीने तो रात्रीत तीनदा उजाडले समजून उठला. अखेर पहाटेपूर्वीच निघाला. नगराबाहेर पडताच उजेड नाहीसा झाला, अंगावर काटा आला आणि परत फिरावेसे वाटले. तेव्हा पुढे जाण्यातच तुझे हित आहे, मागे फिरू नकोस, अशी हाक त्याला ऐकू आली. असे तीनदा घडले आणि तिन्ही वेळा तो पुढेच गेला. ग्रंथात ही हाक सीवक नावाच्या यक्षाची आहे. भूतपिशाच न मानणाऱ्या आपण ती स्वतःच्या निर्धाराची हाक समजावी. बौद्ध इतिहासातला एवढा मोठा दाता काळोखात घाबरला होता आणि ग्रंथकारांनी ते लपवले नाही, हे लक्षात घ्यावे.

भयभेरव सुत्त

याच अनाथपिंडिकाच्या जेतवनात भगवंतांनी जानुस्सोणी ब्राह्मणाला जो उपदेश केला तो मज्झिम निकायातील चौथे सुत्त, भयभेरव सुत्त होय. संबोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव भगवंत त्यात सांगतात. पंधरवड्यातील अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या रात्री ते मुद्दाम भयाण वाटणाऱ्या वनचैत्यांत जाऊन राहिले. हरीण जवळून जाई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाला सळसळे आणि मनात येई, हे येते आहे तेच भय काय? मग त्यांनी विचार केला की मी भयाची वाट पाहत का बसलो आहे? चालत असताना भय आले तर ते निवेपर्यंत ते चालतच राहिले, थांबले नाहीत की बसले नाहीत. बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. ज्या अवस्थेत भय आले, त्याच अवस्थेत ते ओसरू दिले.

आधुनिक मानसशास्त्र याच दिशेने आले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकासमोर, तो खात असताना, ससा थोडा थोडा जवळ आणून त्याचे भय घालवले. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी पायरी-पायरीने भयाला सामोरे जाण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली.

अभ्यासाच्या पायऱ्या

१) भयाच्या प्रसंगांची यादी करावी व प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यावेत. सुरुवात दोन-तीन गुणांच्या प्रसंगापासून करावी.

२) उदाहरणार्थ, प्रथम मंद दिव्यात एकटे बसावे, मग दिवा बंद, पण दार उघडे, मग दारही बंद, त्यानंतर जिना, गच्ची, अंगण.

३) भय चढल्यावर उठू नये. श्वासाकडे लक्ष द्यावे. भय निम्म्यावर आल्यावरच जागा सोडावी. शक्यतो रोज करावे. एक पायरी सोपी झाल्यावरच पुढची घ्यावी.

४) भय घालवण्यासाठी घोटभर घेणे हे पाचव्या शीलाचा भंग तर आहेच, शिवाय त्याने मन काहीच शिकत नाही.

५) रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांनी अंग सैल न सोडता हातापायांचे स्नायू आवळून धरावेत.

६) घरच्यांनी हसू नये, बळेच अंधारात कोंडू नये आणि कायम सोबतही करू नये.

इतके करूनही जमत नसेल, किंवा भयामुळे झोप व काम बिघडत असेल, तर भगताकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

मला या पायऱ्या चढायला सात-आठ महिने लागले. मध्ये दोनदा सोडूनही दिले. गेल्या पावसाळ्यात रात्री वीज गेली तेव्हा जिन्याखालचा फ्यूज पाहायला मीच गेलो. छाती धडधडली नाही असे नाही, पण मागे फिरलो नाही. आई अंथरुणावरून नुसती "सांभाळून जा रे" म्हणाली.

आपल्यापैकी ज्याला असे भय असेल त्याने ते आज घरातल्या एका तरी माणसाला सांगावे. पहिली पायरी तीच आहे.

नमो बुद्धाय ! जय भीम !