तीन मिनिटांचे गाणे

लग्नातले शुटिंग आपण सर्वांनी पाहिले आहे. नवरा-नवरी चालत येतात आणि शुटिंगवाला त्यांच्या पुढे उलटा चालत जातो. लग्न आपल्या वेळेने चालू असते. तो फक्त ते टिपून घेतो. लग्न काही त्याच्यासाठी थांबत नाही. (हल्ली थांबते म्हणा! हार घालताना पुन्हा घालायला लावतात.)

पण गाण्याचे चित्रण निराळे असते. तेथे सगळेच थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. सिनेमातले गाणे पाहून आपल्याला वाटते, नटी गात गेली आणि कोणी तरी ते टिपले. तसे मुळीच नसते. हे आम्ही आमच्या शाळेत डोळ्यांनी पाहिले. तेच येथे सांगतो.

आमचे गाव खानदेशातले. शाळा दहावीपर्यंत. संध्याकाळी त्याच शाळेत आपला साक्षरतेचा वर्ग भरतो. नववीच्या मुलांनी ठरवले, आपण एका गाण्याचा सिनेमा करायचा. कॅमेरा कोठून आणणार? शाळेतल्या एका शिक्षकांचा मोबाईल होता. तीन पायांचा एक स्टँड मागून आणला. गाणे लावायला गणपतीतला स्पीकर होता. एवढेच भांडवल.

गाणे कोणते घ्यायचे, यावर पहिला वाद झाला. मुलांना सिनेमातले गाणे हवे होते. सर म्हणाले, "ते आपलं नाही. ज्यानं लिहिलं, ज्यानं चाल लावली आणि ज्यानं ध्वनिमुद्रण केलं, त्यांचा त्याच्यावर हक्क आहे. त्यांना विचारल्यावाचून कसं घेणार?" आपल्या देशात यासाठी १९५७ सालचा कायदा आहे. लिहिणारा वारल्यावर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. मग ते सर्वांचे होते.

शेवटी मुलांनी बहिणाबाई चौधरी यांचे जात्यावरचे गाणे घेतले. बहिणाबाई आमच्याच मुलखातल्या. जळगावजवळचे आसोदे हे त्यांचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत आणि घरातली मुले ती उतरून घेत. १९५१ साली त्या वारल्या. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्याला आचार्य अत्रे यांनी प्रस्तावना लिहिली. म्हणजे साठ वर्षे केव्हाच उलटली. शब्द घ्यायला मोकळे झाले. पण त्या शब्दांना कोणा संगीतकाराने लावलेली चाल मात्र मोकळी असेलच असे नाही. म्हणून पेटी वाजवणाऱ्या एका मुलाने स्वतःची चाल बांधली.

आता दुसरी गोष्ट. शुटिंगच्या आठ दिवस आधी शाळेने पालकांकडे एक कागद पाठवला. त्यावर सही हवी होती. पुष्कळांनी न वाचताच सही करून दिली. शाळेचा कागद, त्यात काय वाचायचे!

आपल्या वर्गातल्या एक बाई मात्र तो कागद घेऊन संध्याकाळी वर्गात आल्या. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठा उठवत. आता बोट ठेवून ठेवून वाचतात. त्यांची मुलगी नववीत आहे. कागदावर एक ओळ होती. "सदर चित्रण कोठेही व कोणत्याही प्रकारे वापरण्यास माझी हरकत नाही." बाईंचे बोट 'कोठेही' या शब्दावर थांबले.

"कोठेही म्हंजे कुठं?" त्यांनी विचारले.

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. कोठेही म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात. कोठेही म्हणजे पालकांच्या मोबाईलवर. आणि कोठेही म्हणजे साऱ्या जगालाही. एकदा चित्र इंटरनेटवर गेले की ते परत घरी आणता येत नाही. कोणीही ते उतरवून घेतो, कापतो, त्याला भलताच आवाज जोडतो.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. आम्ही बरोबर होतो, पण बोलल्या त्याच. मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "आमच्या मनात तसं काही नव्हतं हो. कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलं." वाईट हेतू नव्हता हे खरे. पण सही हेतूवर होत नाही, कागदावर होते. हे आम्हांला त्या दिवशी नीट कळले. आम्ही स्वतः वर्ग चालवतो, आणि तो कागद आमच्याही हातातून तसाच गेला होता!

कागद नव्याने लिहिला. चित्रण शाळेत दाखवायचे आणि पालकांना द्यायचे. त्यापुढे कोठे द्यायचे झाले, तर पालकांना पुन्हा विचारायचे. ज्याला आपल्या मुलाचा चेहरा दिसू नये असे वाटते, त्याने तसे लिहायचे. त्या मुलाला दुसरे काम द्यायचे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती संगणकावर हाताळायची, तर आई-बापांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. मुलाचा चेहराही त्याची माहितीच.

बाईंनी नव्या कागदावर लिहिले, "मुलीचा चेहरा दाखवू नये." आणि सही केली. मुलगी दोन दिवस आईशी बोलली नाही. तिचा आवाज चांगला, तिला पुढे उभे राहायचे होते. आईचे चुकले की बरोबर, यावर गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. आम्हांला वाटते, वाचून दिलेला नकार आहे, त्याचा मान ठेवावा.

त्या मुलीला वहीचे काम दिले. ते काय, ते पुढे येईलच.

माघ सरत आला होता. सकाळी सात वाजता मुले जमली. सकाळचे ऊन तिरपे आणि कोवळे असते. चेहरे चांगले येतात. दुपारी ऊन डोक्यावर आले की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी एका बाजूला पांढरे धोतर ताणून धरायचे. त्यावरून उजेड परततो आणि चेहऱ्यावर पडतो. दोन मुले दिवसभर धोतर धरून उभी होती. त्यांचे हात भरून आले, पण सिनेमात ती कोठेच दिसत नाहीत.

गाणे आदल्या दिवशी वर्गात बसून मुद्रित करून ठेवले होते. असे का? पूर्वी बोलपटात नट कॅमेऱ्यासमोर खरोखरच गात. १९३२ सालचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. त्यात गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे यांनी आपली गाणी स्वतःच म्हटली. तेव्हा गाताना चूक झाली तर चित्रही वाया जाई. पुढे १९३५ च्या सुमारास निराळी रीत आली. गाणे आधी मुद्रित करायचे. चित्रण करताना ते मोठ्याने लावायचे. नटाने त्याबरोबर ओठ हलवायचे. मग चित्रावर तेच स्वच्छ गाणे बसवायचे. आमच्या मुलांनी हीच रीत धरली.

पहिले दृश्य जात्याचे. आमच्याकडे त्याला घरोट म्हणतात. गावात बहुतेक घरोट आता अंगणात पालथे पडले आहेत. एका आजींकडे चालू घरोट मिळाले. तेथे दोन मुली समोरासमोर बसल्या. खुंट्याला हात लावला. स्पीकरवर गाणे सुरू झाले.

आणि सगळे घोडे अडले! गाणे होते जलद, सिनेमासारखे. त्या वेगाने घरोट फिरेना. फिरवले तर दाणे न दळताच बाहेर पडू लागले. हात एका तालात आणि ओठ दुसऱ्याच तालात. पाच वेळा करून पाहिले. मुली रडकुंडीला आल्या.

आजी उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरींनो, घरोट असं पळत नसतं. गाणं घरोटाच्या मागून चालतं, पुढून नाही." मग त्या स्वतः बसल्या. मूठभर दाणे टाकले. वरची तळी संथ फिरू लागली. घरघरीत आपोआप एक ताल आला. त्या तालावर त्यांनी तेच शब्द म्हणून दाखवले. पेटीवाला मुलगा काही न बोलता ऐकत राहिला.

एक मुलगा म्हणाला, मोबाईलवर गाण्याचा वेग कमी करता येतो. तसे करून पाहिले. आवाज ओढून ताणून आणल्यासारखा वाटू लागला. तेव्हा ठरले, गाणे पुन्हा मुद्रित करायचे. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

सगळे शाळेत परतले. एक वर्गखोली घेतली. खिडक्या लावल्या. पंखे बंद केले, कारण त्यांची घरघर गाण्यात शिरते. भिंतींवर गोधड्या टांगल्या. रिकाम्या घरात बोलले की आवाज घुमतो ना? भिंतीवर आपटून तो परत येतो. गोधडी तो आवाज पिऊन टाकते. आत मुले घामाने निथळत होती. पहिल्या वेळी बाहेर भाजीवाला ओरडला. दुसऱ्या वेळी शाळेची घंटा झाली. पाचव्या वेळी गाणे नीट उतरले. आधी ते १४० सेकंदांचे होते, आता १८० सेकंदांचे झाले. म्हणजे बरोबर तीन मिनिटे.

येथे जरा हिशेब करू. मोबाईल एका सेकंदात ३० चित्रे घेतो. ती भरभर एकापुढे एक सरकतात, म्हणून आपल्याला माणूस हलताना दिसतो. तर १८० गुणिले ३० किती? ५,४००. तीन मिनिटांच्या गाण्यात ५,४०० चित्रे! पाटीवर करून पाहा.

दुपारी मोबाईल तापला आणि बंद पडला. तो सावलीत ठेवला. मुलांनी भाकरी खाल्ली. चार वाजता पुन्हा आजींच्या अंगणात काम सुरू झाले. आणि आता वहीचे काम ऐका.

त्या मुलीच्या वहीत प्रत्येक दृश्याला नंबर होता. कोण कोठे बसले, अंगावर काय होते, कोणता हात पुढे होता, कितव्या वेळी चांगले झाले, सर्व लिहिलेले. सकाळी घराच्या दारातून बाहेर येण्याचे एक दृश्य चांगले झाले होते. ते ठेवायचे होते. त्याला जोडून दुपारचे दृश्य घ्यायचे होते. सर "चालू" म्हणणार, तोच ती मुलगी ओरडली, "थांबा! सकाळी हिच्या वेणीला लाल रिबीन होती. आता नाही." खरेच की! जेवताना रिबीन सुटली होती. पाहणाऱ्याला वाटले असते, उंबरा ओलांडताना रिबीन उडून गेली. दहा मिनिटे शोधाशोध झाली. शेवटी रिबीन शेळीच्या दाव्यापाशी सापडली.

शेवटचे दृश्य शेतातले. मुले केळीच्या बागेकडून बांधावरून गात येतात. कॅमेरा लांब, सुमारे १७० मीटरवर. स्पीकर कॅमेऱ्याजवळच ठेवला होता. पाहतो तो मुलांचे ओठ गाण्याच्या मागे पडतात! मुले म्हणत, आम्ही बरोबर गातोय. तीही खोटे बोलत नव्हती.

लांबवर कोणी लाकूड फोडत असेल तर काय होते? कुऱ्हाड पडलेली आधी दिसते. ठक् असा आवाज मागून येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो. गाणे मुलांपर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोहोचत होते, म्हणून ओठही उशिरा हलत होते. मग एक मुलगा स्पीकर घेऊन मुलांच्या जवळच केळीत लपून बसला. आता कॅमेऱ्यात आवाज उशिरा येणार, पण त्याची पर्वा नाही. तो आवाज पुढे पुसूनच टाकायचा असतो. सूर्य मावळता मावळता ते दृश्य मिळाले. दुसरी संधी नव्हती.

पुढचे पंधरा दिवस मुले शाळा सुटल्यावर तुकडे जोडत बसली. वही नसती तर कोणता तुकडा कोठला, ते कळले नसते.

एका शनिवारी रात्री शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून गाणे दाखवले. आपला वर्ग त्या दिवशी भरला नाही, सगळे तेथेच होते. घरोट फिरले, मुले बांधावरून आली, गाणे संपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काम करणाऱ्यांची नावे वर सरकू लागली. धोतर धरणारी मुले, स्पीकरवाला, घरोटवाल्या आजी. नावे भराभर गेली.

अंधारातून त्या बाईंचा आवाज आला, "अहो सर, मागं घ्या जरा. मला वाचता नाही आलं."

नावे मागे घेतली. बाईंनी बोट उचलून हवेतच ओळ धरली. 'वही' या शब्दापुढे त्यांच्या लेकीचे नाव होते. ते त्यांनी मोठ्याने वाचले. शेजारी लेक बसली होती. ती म्हणाली, "आई, हळू ना." पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी मुलांनी नावांचा वेग कमी केला. आता एकेक नाव चार सेकंद थांबते.